दोन संगणक एकाच लॅन केबलने थेट जोडताना

विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून जुना डेस्कटॉप बाजूला सारून नवा लॅपटॉप घेणाऱ्या अनेकांपुढे एकच प्रश्न उभा राहतो आहे: जुन्या यंत्रातले दोनतीनशे जीबी फोटो, व्हिडिओ आणि हिशेबाच्या फायली नव्या यंत्रात न्यायच्या कशा? पेन ड्राइव्हने हे काम होते, पण हप्त्याहप्त्याने होते, आणि कोणता फोल्डर नेला व कोणता राहिला याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. वाय-फायवरूनही होते, पण दोन्ही यंत्रे राउटरमार्फत बोलत असल्याने प्रत्येक फाइल हवेतून दोनदा प्रवास करते आणि मिळायला हवा त्याच्या निम्मा वेगही हाती लागत नाही. दोन्ही यंत्रांना लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल लावण्याची खाच, असेल, तर मध्ये राउटर किंवा स्विच न ठेवता एकाच केबलने ती थेट जोडणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

केबल लावायला क्षणभर पुरतो. वेळ जातो तो त्यानंतर, म्हणजे पत्ता, फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारा पहारा) आणि परवानगी या तीन गोष्टींत. आणि अडकून पडणारे बहुतेक लोक या तिन्ही गोष्टींत एकदम फेरफार करून बसलेले असतात. म्हणून पुढील प्रत्येक पायरी पूर्ण झाली की ती तपासावी आणि मगच पुढे जावे. येथे उदाहरणादाखल जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १० आणि नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ असल्याचे धरले आहे.

केबल आणि पोर्ट

दुकानात ‘लॅन केबल’ म्हणून मागितल्यास जी मिळते तीच केबल लागते. तिच्यावर कॅट ५ई किंवा कॅट ६ असे छापलेले असावे. घरातल्या घरात दोन-तीन मीटर लांबी पुरते. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, त्यामुळे लांबीची चिंता करण्याचे कारण नाही. फारच स्वस्त केबलमध्ये मात्र तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते, तर काही जुन्या केबलींत आठपैकी चारच तारा भरलेल्या असतात. अशा चार तारांवर १०० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटच्या, पुढे जाता येत नाही (आठ बिट मिळून एक बाइट होतो).

हा फरक कागदावर वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, जोडणीवर सेकंदाला सुमारे ११० एमबी (मेगाबाइट) प्रत्यक्ष हाती पडतात, म्हणजे ३०० जीबीचा ऐवज पाऊण तासात हलतो. जोडणी १०० एमबीपीएसवर घसरली की सेकंदाला जेमतेम ११ एमबी मिळतात आणि त्याच कामाला साडेसात तास लागतात. जुन्या डेस्कटॉपमधील फिरती हार्ड डिस्क गिगाबिटच्या वेगाला बहुधा पुरी पडते. अडथळा येतो तो केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा लॅपटॉपला लावलेल्या यूएसबी अडॅप्टरमध्ये.

आजकालच्या अनेक पातळ लॅपटॉपना लॅन पोर्टच नसतो. त्यांच्यासाठी यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर मिळतो. तो घेताना ‘यूएसबी ३’ आणि ‘गिगाबिट’ हे दोन्ही शब्द खोक्यावर असल्याची खात्री करावी, कारण दिसायला अगदी तसेच असणारे पण १०० एमबीपीएसपर्यंतच चालणारे अडॅप्टरही सर्रास विकले जातात. लॅन पोर्ट नाही म्हणून दोन संगणकांचे यूएसबी पोर्ट साध्या, दोन्हीकडे सारखेच चपटे टोक असलेल्या केबलने एकमेकांना जोडण्याचा प्रयोग मुळीच करू नये. दोन्ही बाजूंनी पाच व्होल्टचा पुरवठा समोरासमोर येतो आणि पोर्ट निकामी होऊ शकतो.

‘थेट जोडायला क्रॉस केबल लागते’ असा सल्ला अजूनही दिला जातो. तो एके काळी बरोबर होता. दहा आणि शंभर एमबीपीएसच्या जोडणीत एक आणि दोन क्रमांकाच्या तारांवरून पाठवले जाते आणि तीन व सहा क्रमांकाच्या तारांवर ऐकले जाते. दोन संगणक सरळ केबलने जोडले तर दोघेही एकाच जोडीवर बोलू लागतात आणि दुसऱ्या जोडीवर दोघेही कान लावून बसतात. म्हणून केबलच्या एका टोकाला या दोन जोड्यांची अदलाबदल करावी लागे. क्रिंपिंग करणाऱ्यांच्या, म्हणजे केबलला टोके बसवणाऱ्यांच्या, भाषेत सांगायचे, तर एका टोकाला ‘बी’ क्रम ठेवायचा, म्हणजे पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आणि दुसऱ्या टोकाला ‘ए’ क्रम, ज्यात हिरव्या जोडीच्या जागी नारिंगी आणि नारिंगी जोडीच्या जागी हिरवी जाते. गिगाबिट पोर्ट ही अदलाबदल स्वतःच ओळखून करतात, आणि दोनपैकी एका यंत्राचा पोर्ट तसा असला तरी पुरते. तेव्हा साधी सरळ केबल घ्यावी. दोन्ही यंत्रे फारच जुनी असतील आणि पोर्टजवळचा दिवाच लागत नसेल, तरच क्रॉस केबलचा विचार करावा.

केबल दोन्हीकडे ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत आत सरकवावी. पोर्टजवळचा दिवा लागला पाहिजे. काही लॅपटॉपमध्ये हा दिवा नसतो. तेथे स्टार्टमध्ये ‘व्ह्यू नेटवर्क कनेक्शन्स’ असे शोधून उघडणाऱ्या खिडकीत ‘इथरनेट’ या, म्हणजे वायरच्या जोडणीच्या, चिन्हावर दोनदा क्लिक करावे. ‘स्टेटस’ खिडकीत ‘स्पीड’ समोर १.० जीबीपीएस दिसत असेल तर पुढे जावे. १००.० एमबीपीएस दिसत असेल तर आधी केबल बदलून पाहावी. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार क्रिंपिंगमध्ये नीट बसली नसली की जोडणी तुटत नाही, ती बऱ्याचदा गुपचूप १०० वर उतरते, आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

पत्ते देणे

राउटर असला की तो प्रत्येक यंत्राला पत्ता (आयपी ॲड्रेस) वाटतो. येथे वाटणारा कोणीच नाही. काहीही न करता थोडा वेळ थांबल्यास विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेते, समोरचे यंत्रही तसेच करते, आणि तेवढ्यावरही जोडणी चालू शकते. तरीही हाताने पत्ता द्यावा हे बरे, कारण आपोआप घेतलेला पत्ता प्रत्येक वेळी शोधून काढावा लागतो आणि काही बिघडल्यास दोष नेमका कोठे आहे ते कळत नाही.

खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी १९२.१६८ ची मालिका सर्वांच्या ओळखीची आहे. त्यातही १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ या गटांना हात लावू नये, कारण घरचा वाय-फाय राउटर बहुधा त्यांपैकीच एक वापरत असतो, आणि वायर व वाय-फाय दोन्हीकडे एकच गट आला की कोणता निरोप कोठून पाठवायचा याबाबत संगणकाचा गोंधळ उडतो. म्हणून ७७ सारखा सहसा न वापरला जाणारा आकडा घ्यावा: जुन्या यंत्राला १९२.१६८.७७.१ आणि नव्याला १९२.१६८.७७.२. टंकताना अर्थातच इंग्रजी अंक वापरावेत.

विंडोज १० च्या नव्या सेटिंग्जमध्ये मास्कच्या (पत्त्याचा कोणता भाग गटाचा हे सांगणाऱ्या आकड्यांच्या) जागी ‘सबनेट प्रीफिक्स लेंग्थ’ विचारली जाते आणि तेथे २५५.२५५.२५५.० लिहिणारे हमखास अडकतात, कारण त्या रकान्याला केवळ २४ हा आकडा हवा असतो. म्हणून मी जुनीच खिडकी वापरण्याचा आग्रह धरतो. ती दोन्ही आवृत्त्यांत सारखी आहे. ‘व्ह्यू नेटवर्क कनेक्शन्स’ मध्ये इथरनेटवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, यादीतील ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ निवडून पुन्हा ‘प्रॉपर्टीज’ दाबावे, ‘यूज द फॉलोइंग आयपी ॲड्रेस’ वर खूण करून पत्ता भरावा आणि टॅब दाबावा. मास्क आपोआप २५५.२५५.२५५.० असा भरला जातो.

त्याखालचा ‘डिफॉल्ट गेटवे’ हा रकाना रिकामा सोडावा. डीएनएसचेही (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचेही) तसेच. रिकामे ठेवणे चुकीचे वाटून अनेक जण तेथे समोरच्या यंत्राचा पत्ता भरतात, आणि मग लॅपटॉपचे वाय-फाय चालू असूनही इंटरनेट बंद पडते. गेटवे म्हणजे ‘ज्याचा पत्ता मला ठाऊक नाही ते सर्व याच्याकडे पाठवा’ अशी सूचना असते. वायरचा मार्ग वाय-फायपेक्षा वेगवान असल्याने विंडोज त्यालाच पसंती देते आणि इंटरनेटचे सारे निरोप, ज्याच्याकडे पुढे पाठवण्याची कोणतीही सोय नाही अशा जुन्या डेस्कटॉपकडे जाऊ लागतात.

पिंगचे उत्तर वाचणे

आता नव्या यंत्रावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग’ (समोरचे यंत्र उत्तर देते का ते पाहणारी आज्ञा) आणि पुढे जुन्या यंत्राचा पत्ता टंकावा. ‘रिप्लाय फ्रॉम’ अशी ओळ येऊन तिच्यात एक मिलिसेकंदापेक्षा कमी वेळ दिसला, तर केबल, पत्ते आणि फायरवॉल या तिन्ही गोष्टी जागेवर आहेत. तसे झाले नाही तर कोणते उत्तर आले ते नीट वाचावे, कारण नापास होण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची कारणे निरनिराळी आहेत.

‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे उत्तर येते आणि ते स्वतःच्याच पत्त्याकडून आलेले असते. याचा अर्थ, ‘७७.१ कोण आहे, आपला हार्डवेअर पत्ता सांगा’ या प्राथमिक हाकेलाच कोणी ओ दिलेली नाही. दोष केबलमध्ये किंवा पत्त्यात आहे: केबल सैल असेल, एका यंत्रावर ७७ च्या जागी ७ पडले असेल, किंवा पत्ता इथरनेटऐवजी चुकून वाय-फायच्या चिन्हावर दिला गेला असेल. याउलट ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे आले, तर समोरचे यंत्र बहुधा सापडलेले आहे, पण त्याची फायरवॉल पिंग गिळून टाकत आहे. खात्री करायची असल्यास ‘एआरपी’ ही आज्ञा, नंतर मोकळी जागा आणि उणे चिन्हासह ‘ए’ असे टंकावे. यादीत ७७.१ समोर सहा जोड्यांचा हार्डवेअर पत्ता दिसत असेल, तर वायरचे काम झाले. आता केबलीला हात लावू नये.

फायरवॉल फक्त एका बाजूला

गेटवे नसलेली जोडणी विंडोजला ओळखू येत नाही. ती ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ म्हणून दिसते आणि खबरदारी म्हणून ‘पब्लिक’ या कप्प्यात टाकली जाते, जेथे फाइल शेअरिंग बंद असते. येथे अनेक जण वैतागून दोन्ही यंत्रांची फायरवॉल पूर्ण बंद करतात. त्याची काहीही गरज नाही.

फायली जुन्या यंत्रावर आहेत आणि नवे यंत्र त्या ओढून घेणार आहे, त्यामुळे दार उघडायचे ते जुन्या यंत्राचे. नव्या यंत्रावर काहीही बदलावे लागत नाही. जुन्याकडून नव्याला केलेला पिंग अयशस्वी ठरला तरी तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

जुन्या यंत्रावर सेटिंग्जमध्ये इथरनेट उघडून जोडणीचा प्रकार ‘प्रायव्हेट’ करावा. ओळख न पटलेल्या जोडणीसाठी हा पर्याय दिसतच नसेल, तर पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘सेट-नेटकनेक्शनप्रोफाइल’ या आज्ञेने तेच करता येते. केबल काढून पुन्हा लावल्यावर मात्र हा बदल टिकला आहे का ते पाहून घ्यावे. त्यानंतर कंट्रोल पॅनलमधील ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’ मधून प्रगत शेअरिंगच्या पानावर जाऊन ‘प्रायव्हेट’ विभागात ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करावे. पिंगला उत्तर मिळण्याची परवानगीही याच सोयीबरोबर येते.

खाते आणि फोल्डर

या पायरीवर सर्वाधिक लोक अडतात, कारण समोर नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट येते आणि काहीही भरले तरी ती परत येते. रोज चार आकडी पिन टाकून संगणक उघडणाऱ्याला तीच पिन येथे चालेल असे वाटते; पण पिन त्या एका यंत्रापुरतीच असते, नेटवर्कवरून ती चालत नाही. पासवर्ड नसलेले खातेही चालत नाही, कारण कोऱ्या पासवर्डाने नेटवर्कवरून प्रवेश द्यायचा नाही असा विंडोजचा मूळ नियम आहे. पाहुणा म्हणून प्रवेश घेण्याची जुनी पद्धत अलीकडच्या आवृत्त्यांत सहसा नाकारली जाते.

त्यामुळे जुन्या यंत्रावर या कामापुरते एक वेगळे स्थानिक खाते उघडावे. सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘फॅमिली अँड अदर यूजर्स’ या वाटेने जाऊन, मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याचा पर्याय निवडावा. ‘नेआण’ यासारखे कोणतेही सोपे नाव इंग्रजी अक्षरांत द्यावे आणि पासवर्ड अवश्य ठेवावा.

मग हवा तो फोल्डर निवडून त्याच्या ‘प्रॉपर्टीज’ मधील ‘शेअरिंग’ पानावर जावे. तेथे ‘शेअर’ आणि ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ अशी दोन बटणे आहेत. येथे पहिलेच वापरावे. विंडोजमध्ये परवानगीचे दोन थर असतात, एक नेटवर्कवरून आत येण्याचा आणि दुसरा डिस्कवरील फायली वाचण्याचा. दुसऱ्या बटणाने केवळ पहिला थर उघडतो, आणि मग फोल्डर दिसतो पण आत शिरता येत नाही. ‘शेअर’ बटण दाबून नवे खाते यादीत घेतले आणि त्याला ‘रीड’ एवढीच परवानगी दिली, की दोन्ही थर एकदम जुळतात. लिहिण्याची परवानगी देऊ नये. नेताना मूळ फायलींना धक्का लागण्याची शक्यताच त्यामुळे उरत नाही.

नव्या यंत्रावर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यापुढे १९२.१६८.७७.१ लिहून एंटर दाबावे. डाव्या बाजूच्या ‘नेटवर्क’ मध्ये जुना संगणक दिसत नाही म्हणून खटपट करू नये. संगणकाच्या नावाने गेल्यास आणि दोन्ही यंत्रे वाय-फायवरही असल्यास सारी वाहतूक वाय-फायवरून होण्याची शक्यता असते. पत्त्याने गेल्यास ती वायरवरूनच होते.

जुने यंत्र विंडोज ७ चे असले तरी ही पद्धत चालते. विंडोज एक्सपी असेल तर मात्र नाही, कारण त्याला शेअरिंगची केवळ पहिली, एसएमबी १ ही पद्धत येते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने तिच्यातलीच त्रुटी वापरली होती आणि त्याच वर्षापासून विंडोज १० च्या नव्या मांडणीत ती पद्धत मुळात येतच नाही. नव्या लॅपटॉपवर ती मुद्दाम चालू करण्यापेक्षा एक्सपीच्या यंत्राची हार्ड डिस्क काढून यूएसबी खोक्यात घालणे मला तरी अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रत्यक्ष नेताना

दोन्ही यंत्रांची ‘स्लीप’ आधी बंद करावी आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि भागात भारनियमन असेल, तर वीज टिकण्याची वेळ पाहून काम सुरू करावे.

थोड्या फायली असतील तर कॉपी-पेस्ट पुरेसे आहे. शेकडो जीबींसाठी विंडोजमध्येच असलेली ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा चांगली, कारण मध्येच अडल्यास ती पुन्हा चालवली की आधी पोहोचलेल्या फायली ती वगळते. आज्ञेपुढे आधी मूळ फोल्डरचा मार्ग, मग मुक्कामाचा मार्ग आणि शेवटी प्रत्येकी तिरकी रेघ देऊन तीन सूचना लिहाव्यात: उपफोल्डरांसह नेण्यासाठी ‘ई’, एकदाच पुन्हा प्रयत्न करण्यासाठी ‘आर:१’ आणि त्यापूर्वी एकच सेकंद थांबण्यासाठी ‘डब्ल्यू:१’. शेवटच्या दोन सूचना विसरू नयेत, कारण त्या नसतील तर एखादी न वाचता येणारी फाइल लागल्यावर रोबोकॉपी दर तीस सेकंदांनी तब्बल दहा लाख वेळा प्रयत्न करण्याचा निर्धार करते. ‘एमआयआर’ ही सूचना मात्र टाळावी. मूळ ठिकाणी नसलेली प्रत्येक फाइल ती मुक्कामाच्या फोल्डरातून पुसून टाकते.

टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर इथरनेटचा आलेख पाहत राहावे. मोठे व्हिडिओ जाताना तो वर चढतो आणि हजारो छोट्या फायली आल्या की खाली बसतो. तो दोष केबलचा नव्हे; प्रत्येक फाइल उघडण्याबंद करण्याचा वेळ त्यात जातो. काम संपल्यावर दोन्हीकडील फोल्डरांच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडून फायलींची संख्या ताडून पाहावी.

लिनक्स, मॅक आणि इंटरनेटची वाटणी

लिनक्सवर वायरची जोडणी ‘ऑटोमॅटिक’ ठेवल्यास नेटवर्कमॅनेजर काही वेळ पत्त्याची वाट पाहतो आणि मग जोडणी सोडून देतो. म्हणून आयपीव्ही४ मध्ये ‘मॅन्युअल’ निवडून वरीलप्रमाणेच पत्ता द्यावा. मॅकवर ‘सेल्फ असाइन्ड आयपी’ असा इशारा दिसला तरी तो बिघाड नव्हे. फाइंडरमध्ये कमांड आणि ‘के’ दाबून ‘एसएमबी’ ने सुरू होणारा पत्ता भरला की विंडोजचा फोल्डर उघडतो.

कधी गरज वेगळीच असते: डेस्कटॉपला वाय-फाय नाही आणि लॅपटॉपचे इंटरनेट त्याला द्यायचे आहे. तेव्हा हाताने पत्ते देऊ नयेत. लॅपटॉपच्या वाय-फाय चिन्हाच्या ‘प्रॉपर्टीज’ मधील ‘शेअरिंग’ पानावर परवानगीची खूण करावी. लॅपटॉपच्या वायरीला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता आपोआप मिळतो आणि डेस्कटॉप ‘आपोआप’ वर ठेवल्यास त्याच गटातला पत्ता तो घेतो. लिनक्सवर याच कामासाठी ‘शेअर्ड टू अदर कंप्युटर्स’ हा पर्याय आहे, आणि तेथे पत्ता सहसा १०.४२.० च्या गटातला असतो.

फायली नेऊन झाल्यावर दोन्ही यंत्रांवरील आयपी पुन्हा ‘ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली’ वर आणावा, नाहीतर पुढे कधी ऑफिसात लॅपटॉपला वायर लावल्यावर इंटरनेट येणार नाही आणि कारण शोधण्यात दुपार जाईल. फोल्डरांचे शेअरिंग थांबवावे, तात्पुरते खाते काढून टाकावे. जुन्या यंत्राची डिस्क मात्र लगेच फॉरमॅट करू नये. नव्या लॅपटॉपवर हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडून मागच्या वर्षाची एखादी नोंद आणि काही फोटो व व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून पाहिल्यानंतरच ती पुसावी.